निवासमंडपाचा तक्ता

परवा माळा आवरताना एक जुना तक्ता सापडला. चर्चच्या रविवारच्या शाळेसाठी मी स्वतः रंगवलेला, मोशेच्या निवासमंडपाचा. कडा कुरतडल्या आहेत, पण निळा, जांभळा, किरमिजी रंग अजून टिकून आहेत. तक्ता पसरून बसले आणि माळ्याचं काम तसंच राहिलं!

निवासमंडप म्हणजे रानातून फिरताना इस्राएली लोकांनी बरोबर वागवलेलं उपासनास्थान. निर्गमाच्या पुस्तकात त्याची मापं आहेत. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद. दार एकच, पूर्वेला. आत पितळेने मढवलेली होमवेदी, मग याजकांनी हातपाय धुण्याचं गंगाळ. पुढे मंडप, ३० हात लांब, १० हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या एवढाच. त्यात सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, १२ भाकरींचं मेज, धूपवेदी. मग अंतरपट. पलीकडे परमपवित्रस्थान आणि कराराचा कोश. तिथे फक्त महायाजकाने जायचं, तेही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या.

मी शिकवायचे ते असं. एकच दार म्हणजे ख्रिस्त. वेदी म्हणजे क्रूस. गंगाळ म्हणजे बाप्तिस्मा. मेजावरची भाकर म्हणजे जीवनाची भाकर. कोशाचं बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं मनुष्यपण, वरचं सोनं म्हणजे देवपण. मुलं घडाघडा म्हणायची आणि मला कोण अभिमान वाटायचा!

आमच्या शाळेत रायगडकडच्या एक बेने इस्राएल बाई होत्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी हा तक्ता पाहिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाई, काढलाय छान. पण हे सगळं तुमच्या येशूसाठीच होतं, तर आमचे पूर्वज रानातून एवढं ओझं कशाला वाहत होते हो?" त्या हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली, सुटले. पुढे त्या इस्राएलला गेल्या. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली. तेव्हा कळलं की या वस्तूंत अर्थ शोधणारी मी काही एकटी नाही. पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराला सात दिव्यांत सात ग्रह दिसले, १२ भाकरींत वर्षाचे १२ महिने. आठव्या शतकात इंग्लंडातल्या बीड नावाच्या साधूने निवासमंडपाच्या ख्रिस्ती अर्थावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. नव्या करारातही इब्री लोकांस पत्रात अंतरपट म्हणजे ख्रिस्ताचा देह, असं म्हटलंय. पण गंमत अशी, की तोच लेखक नवव्या अध्यायात या वस्तूंची यादी देतो आणि सविस्तर बोलायची ही वेळ नव्हे म्हणून थांबतो. मी मात्र लाकूड-सोन्यापर्यंत पोचले होते!

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर निर्गमातच होतं, पंचविसाव्या अध्यायात. देवाला आपल्या लोकांमध्ये राहायचं होतं, म्हणून पवित्रस्थान बांधायचं. लोक तंबूत राहत होते, तर देवही तंबूत. ते ओझं नव्हतंच, घरचं माणूस बरोबर होतं. आणि शब्द देही होऊन आपल्यात राहिला असं योहान सांगतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकून राहण्याचंच आहे. म्हणजे बाईंच्या पूर्वजांचा अर्थ पुसला, तर माझ्या योहानाच्या शब्दालाही आधार उरत नाही. माझी श्रद्धा आजही तीच आहे. चूक झाली ती एवढीच, की मी दुसरा धडा आधी शिकवला आणि पहिला शिकवलाच नाही.

बाई आता हयात नाहीत. हे त्यांना सांगायला हवं होतं. असो.

काल नातीने तक्त्यातल्या कोशावर बोट ठेवून विचारलं, "आजी, हे म्हणजे कोण?"

म्हटलं, "बस. आधी हे काय होतं, ते सांगते."