हिमोग्लोबिनच्या खालची ओळ

अमरावती असो की अकोला, सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. ते ९ निघालं की ‘रक्त कमी आहे’ म्हणत लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा आग्रह आहे, की त्याखालचा एमसीव्हीचा आकडाही बघा. रक्त किती कमी आहे हे हिमोग्लोबिन सांगतं. का कमी आहे, याचा पहिला माग एमसीव्ही देतो.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात. मोठ्या माणसात ते साधारण ८० ते १०० असतं.

८०च्या खाली म्हणजे पेशी लहान. बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता असते: पाळीत जास्त रक्तस्राव, लागोपाठ बाळंतपणं, शेतात अनवाणी वावरताना पायातून शिरणारा हुकवर्म जंत. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, हे शोधायलाच हवं.

पण थॅलेसेमिया मायनरमध्येही, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकातही, पेशी लहानच असतात. सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजांत त्याचं प्रमाण जास्त. तरी तो कुठल्याही घरात सापडू शकतो. इथे एक सोपा भागाकार मदतीला येतो. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागा. ७० भागिले ३.९ म्हणजे सुमारे १८. उत्तर १३च्या वर, संशय लोहाच्या कमतरतेचा. ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. उत्तर १३च्या खाली, संशय थॅलेसेमियाचा. हा फक्त अंदाज. खात्री फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार) तपासणीने होते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

१००च्या वर म्हणजे पेशी मोठ्या. त्यामागे बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, दारू, यकृताचा किंवा थायरॉइडचा आजार असू शकतो. यातल्या फोलेटचा शोध महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणारा, मोठ्या पेशींचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. मात्र बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट दिलं, तर रक्त सुधारतं आणि नसांची हानी चालूच राहते.

नॉर्मल आकड्यावरही विसंबू नका. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील, तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी ९० येऊ शकते. अशा वेळी आरडीडब्ल्यूचा, म्हणजे पेशींच्या आकारातल्या फरकाचा, आकडा वाढलेला दिसतो. सिकलसेलच्या वाहकाचा एमसीव्ही तर बहुधा नॉर्मलच असतो. मेळघाटासह साऱ्या विदर्भात हा आजार आहे. त्यासाठी सोल्युबिलिटी चाचणी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी वेगळीच करावी लागते.

म्हणून रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: पेशी लहान आहेत की मोठ्या, आणि कशामुळे? लग्न ठरवताना पत्रिकेआधी मुला-मुलीची एचपीएलसी करून घ्या. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. पुढच्या तपासणीला ते सोबत आणा.