कुंडीतला वाटाणा

बाजारपेठेत एखादी वस्तू चालू लागली की पंधरवड्यात तीच वस्तू शेजारच्या चार दुकानांत दिसू लागते. तोच माल, तशीच पाटी, तीच सवलत. गिऱ्हाईक मग केवळ भावावरून घासाघीस करते आणि चौघांचाही नफा आटतो. अशा वेळी घरातील तरुण म्हणतात, ‘काहीतरी नवीन करायला हवे.’ वडीलधारे विचारतात, ‘नवीन म्हणजे नेमके काय? आणि त्यात रक्कम किती अडकणार?’ दोघांचेही म्हणणे रास्त आहे. त्याचा उलगडा दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातून चांगला होतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, इतकेच काय, जादूचे प्रयोगही त्यांनी केले. भागीदारांशी न पटल्याने छापखान्यातून ते बाहेर पडले, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. व्यवहारी दृष्टीला यात निव्वळ धरसोड दिसली असती. त्यानंतर त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण आणि राम उभे राहिले. तो खेळ पाहणारे पुष्कळ होते. फाळके मात्र एक प्रश्न घेऊन घरी परतले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी अशा पडद्यावर का आणू नयेत?

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहिले आणि कॅमेरा विकत घेतला. तंत्र परक्यांचे होते. ते त्यांनी रीतसर शिकून, दाम मोजून आणले. मौलिक काम करणाऱ्याला शिकण्यात कमीपणा वाटत नाही. पूर्वी केलेला प्रत्येक उद्योगही आता कामी आला. चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचा हात आणि जादूगाराची युक्ती एकाच कामात एकवटली.

प्रश्न उरला भांडवलाचा. शब्दांनी कोणाला पटवत बसण्याऐवजी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी कित्येक दिवस थोडी थोडी टिपली. ती सलग दाखवताच बी फुटून रोप भराभर वाढताना दिसू लागले. त्या इवल्याशा चित्रपटामुळे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. व्यापाऱ्याला ही रीत नवखी नाही. गोदाम भरण्यापूर्वी तोही मालाची वानगी पाहतोच.

पुढील अडचणींवरही ठरीव उत्तरे नव्हती. स्त्री-भूमिकेसाठी कोणी स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्मवर प्रक्रिया करण्याचे कामही शिकून घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. नव्या कल्पनेची किंमत एकटा कर्ता पुरुष देत नाही, ती सारे घर देते, म्हणून घराला विश्वासात घेतल्यावाचून असे साहस करू नये.

या चरित्राची दुसरी बाजूही व्यापारी घराने वाचावी. पुढे फाळक्यांचे भागीदारांशी मतभेद झाले, बोलपट आले आणि काळ बदलला. १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती हलाखीची होती. कल्पकतेने धंदा उभा राहतो. तो टिकवायला चोख हिशेब, जुळलेली भागीदारी आणि बदलत्या काळाकडे लक्ष हवे.

घरातल्या मुलाने वा सुनेने नवी कल्पना मांडली, तर वडीलधाऱ्यांनी लगेच होकार द्यावा असे नाही, नकारही देऊ नये. कुंडीएवढी जागा, झेपेल इतकी रक्कम आणि ठरावीक मुदत द्यावी. कल्पना मांडणाऱ्यानेही युक्तिवाद आटोपता घेऊन वाटाणा पेरावा आणि रोज न चुकता त्याच्याकडे पाहावे. मुदत संपल्यावर अंकुर आला की नाही, हे दोघांनी एकत्र बसून तपासावे.