बेअरिंग बोलतं तेव्हा...

मेकॅनिकलच्या पोरांना बेअरिंग म्हटलं की काय आठवतं? डेटा बुकातले तक्ते, "बॉल आणि रोलरमधला फरक सांग" म्हणणारे एक्स्टर्नल आणि आदल्या रात्री मारलेला रट्टा. बाकीच्या ब्रँचच्या जनतेला तर तेवढंही आठवत नाही. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा. ही वस्तूच अशी की नीट चालते तोवर तिची कुणाला आठवण येत नाही. मेसच्या मावशींसारखं आहे ते. त्या सुट्टीवर गेल्या की मगच सगळ्या हॉस्टेलला कळतं!

मला हे कळलं जुलै 2023 मध्ये. फर्स्ट इयरची परीक्षा आटोपून मी नारायणगावला मामाकडे गेलो होतो. मामाची स्वतःची पिकअप आहे. त्या महिन्यात टोमॅटोने किरकोळ बाजारात किलोला शंभरी ओलांडली होती. एरवी भाव पडला की रस्त्यावर ओतला जाणारा माल तेव्हा लोक सोन्यासारखा जपत होते. त्या रात्री गाडीत गावातल्याच एका शेतकऱ्याची 65 कॅरेट होती. कॅरेटला 20 किलो धरा, म्हणजे 1300 किलो. माळशेज घाट उतरून पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं होतं. मी सोबतीला, म्हणजे मामाला झोप येऊ नये म्हणून बडबड करायला.

आळेफाटा सोडला आणि पावसाच्या आवाजात एक बारीक "हूंऽऽ" मिसळला. मामाने रेडिओ बंद केला. गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन खाली बसलं, पण "हूंऽऽ" तसाच. म्हणजे आवाज इंजिनाचा नाही, चाकाचा. रस्ता डावीकडे वळला की तो वाढायचा, उजवीकडे वळला की कमी व्हायचा. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. "उजवं पुढचं," मामा म्हणाला. त्याने डिप्लोमा, डिग्री काहीच केलेलं नाही, हे आवर्जून सांगतो.

ओतूर मागे पडलं आणि "हूंऽऽ"ची घरघर झाली, घरघरीची खडखड. स्टिअरिंग थरथरायला लागलं. जळक्या ग्रीसचा वास केबिनमध्ये आला. पुढे गतिरोधक दिसला म्हणून मामाने ब्रेक दाबला, तर पेडल निम्मं आत! दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा लागला. मामाने एका बंद टपरीपुढच्या कडक जमिनीवर गाडी घेतली.

मोबाईलच्या उजेडात बघितलं. हबजवळ हात नेववत नव्हता. ग्रीस काळं होऊन रिमवर ओघळलेलं. पाणी ओतून गार करावं असं माझ्या मनात आलं तेवढ्यात मामा म्हणाला, "पाणी नको हां, तापलेलं लोखंड तडकतं." स्टेपनी होती, पण तिचा इथे उपयोग शून्य. बेअरिंग हबमध्ये असतं, चाक बदलून ते बदलत नाही.

मामा बराच वेळ पावसात उभा होता. मग म्हणाला, "मढ गेलं की घाट. घाट उतरलो की मुरबाड. हळूहळू जाऊ?" हे मला विचारलं की स्वतःला, ते आजही सांगता येणार नाही. गाडीचे 22 हप्ते बाकी होते, माल दुसऱ्याचा होता आणि असा भाव पुन्हा कधी येईल याची कुणालाच खात्री नव्हती. मी एवढंच म्हणालो, "मामा, पेडल आत जातंय." बेअरिंग ढिलं झालं की हबबरोबर डिस्कही डुगडुगते, पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबात ब्रेक हाताशी येत नाही. सपाटीवर दुसरा दाब मारायला वेळ मिळतो. माळशेजच्या उतारावर, धुक्यात, 1300 किलो पाठीशी असताना तो मिळेलच असं नाही.

मामाने खिशातून फोन काढला.

गावाकडून दुसरी पिकअप आली. मिस्त्री मोटरसायकलवर ओतूरहून आले. आल्या आल्या म्हणाले, "आधी माल उतरवा. भरल्या गाडीखाली मी हात घालत नसतो." भर पावसात 65 कॅरेट या गाडीतून त्या गाडीत गेली. माल वाशीला उशिरा पोचला, भाव थोडा कमी मिळाला, पण पोचला. भाडं अर्थात दुसऱ्या गाडीला गेलं.

मग मिस्त्रींनी मागच्या चाकांना दगड लावले, नट जमिनीवरच ढिले केले आणि मग जॅक चढवला. चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर चक्क डुगडुगलं. चाक, कॅलिपर, टोपी, स्प्लिट पिन, कॅसल नट असं एकेक निघत हब हातात आला. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, रेसचे पापुद्रे निघालेले. स्टील निळं पडलं म्हणजे ते साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं होतं. ऑइल सील फाटलेलं आणि उरलंसुरलं ग्रीस दुधाळ. "पाण्यानं खाल्लं, वजनानं मारलं," मिस्त्रींनी निकाल दिला.

बेअरिंगवरचा नंबर पुसून ते मला म्हणाले, "काय इंजिनेर, शेवटचे दोन आकडे वाचा." म्हटलं, "07." "पाचाने गुणा. 35 मिलिमीटर. भोक." पुढे डेटा बुकात हाच नियम दिसला तेव्हा फार जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

उजाडल्यावर दुकान उघडलं. दोन्ही बेअरिंग रेससकट नवी, सील नवं, स्प्लिट पिनही नवी. मिस्त्रींनी तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीफटीत भरलं. हब फिरवत फिरवत नट आवळला, मग सोडला आणि नुसत्या बोटांनी परत टेकवला. मी विचारलं, "एवढाच?" ते म्हणाले, "आवळला म्हणजे पक्कं झालं असं नसतं. श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते." (हे जुन्या पद्धतीच्या टेपर बेअरिंगचं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सीलबंद युनिट असतं. ते अख्खं बदलतात आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळतात.)

दोन वर्षांनी थर्ड इयरला बेअरिंगचं चॅप्टर आलं. रोलर तिरके का? कारण वळणावर आडवा भारही झेलायचा असतो. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांना 1898 साली अशा बेअरिंगचं पेटंट मिळालं ते याचसाठी. मग फळ्यावर आयुष्याचं सूत्र आलं. लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी 1947 साली मांडलेल्या सिद्धांतातून आलेलं. रोलर बेअरिंगसाठी सी भागिले पी, त्याचा 10/3 घात. मागच्या बाकावर मी कॅल्क्युलेटर काढला. बेअरिंगवरचा भार 10 टक्के वाढला तर आयुष्य उरतं 73 टक्के. 20 टक्के वाढला तर 54. दुप्पट केला तर जेमतेम दहावा हिस्सा!

सुट्टीत हे मामाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण जास्तीची पाच कॅरेट नाही घेतली तर पुढच्या खेपेला भाडं दुसऱ्याला जातं. तुझ्या सूत्रात ते कुठं घालायचं?" सरांनाही विचारलं. सर हसले आणि म्हणाले, "ते मॅनेजमेंटच्या पेपरला आहे." मला वाटतं, ते कुठल्याच पेपरला नाही. मामाने मात्र एक केलं. आता दर पावसाळ्याआधी तो चारही चाकांची सीलं तपासून घेतो.

तेव्हा मित्रांनो, पार्किंगमधल्या बाइकवाल्यांनीही ऐकून ठेवा. वेगाबरोबर वाढणारी घरघर, हाताने डुगडुगणारं चाक, तापलेला हब, यातलं एकही दिसलं तर "गावापर्यंत जाईल" म्हणू नका. थांबा, फोन करा. एखादी खेप बुडेल, एखादं सबमिशन हुकेल. बाकीचं सगळं डेटा बुकात आहे.