दर दोन तासांनी कूस

नर्सिंग ब्युरोतून फोन आला की मी आधी पगार विचारत नाही, पेशंटचं वजन विचारते. लोकांना गंमत वाटते. पण सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस एकटीनं कुशीवर वळवायचा, तर कंबर माझी जाते, ब्युरोची नाही.

सध्या पुण्यात कोथरूडला रात्रपाळी आहे, 8 ते 8. आजोबांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरचे मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, इंजेक्शनला हात लावत नाही. माझं काम म्हणजे डायपर, स्पंजिंग, तोंड पुसणं आणि नाकातल्या नळीतून पेज देणं. पेज देताना पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली हवी आणि नंतरही अर्धा तास तरी तशीच. नाहीतर पेज वर येऊन छातीत उतरते. सदरा घालताना लुळा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी. हे मला एका म्हाताऱ्या मावशींनी शिकवलं. त्याआधी मी किती जणांचे खांदे ओढले असतील, कोण जाणे.

सगळ्यात मोठं काम मात्र कूस बदलण्याचं. दर दोन तासांनी. "एअर बेड आणलाय ना, मग कशाला?" असं प्रत्येक घरात विचारतात. एअर बेडनं मदत होते, पण कूस बदलावीच लागते.

एकदा दिवसभर माझ्या घरी पाहुणे होते, झोप झाली नव्हती. 12 ची कूस बदलली आणि खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते. 2 ची राहिली, 4 चीही राहिली. स्पंजिंग करताना पाहिलं, तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटानं दाबून पाहिला. दाबल्यावर कातडी फिकी पडली तर ठीक. ही पडली नाही.

नोंदवहीत लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? दिवसपाळीवालीवर ढकलणंही सोपं होतं. पण लिहिलं. सूनबाईंनी वाचलं आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेल चोळू का तिथं?" मी म्हटलं, "नको ताई, तिथं अजिबात चोळायचं नाही. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, बस." त्यांनी डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. ब्युरोला कळवलं की नाही, मी विचारलं नाही. चार दिवस पाठीवर टेकवलंच नाही आजोबांना. एकदा ही कूस, एकदा ती, गुडघ्यांमध्ये उशी. डाग हळूहळू गेला.

आता मोबाईल थरथरण्यावर लावून कमरेला खोचते. 2 वाजता उठून पाहावं तर आजोबा जागेच असतात. डावा हात आधीच पलंगाच्या कठड्याकडे सरकलेला असतो, वळायला.