वालूरच्या बारवेविषयी

सेलू

चि. बाळ,

तुझा निरोप वाचला. स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९१ मध्ये आखलेलं अ‍ॅस्कर्निशचं गोल्फचं मैदान समुद्रकाठच्या वाळूत नि गवतात हरवलं होतं, ते शोधून २००८ मध्ये पुन्हा खेळतं केलं, असं लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, आपल्या वालूर गावची एवढी सुंदर बारव, पायऱ्यांची विहीर, लोक विसरलेच कसे? दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अरे, गाव बारवेच्या पाण्याला भ्यायलं होतं.

आमच्या आबांच्या, तुझ्या आजोबांच्या, पायाला नारू झाला होता. घोट्यावर फोड यायचा, तो फुटला की पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. आजी त्याला काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायची. ओढताना दोघंही बोलायचे नाहीत. तुटला की पाय सुजून भोपळा. ऐन पेरणीत आबा ओसरीवर पडलेले नि बैल दावणीला, हे मी पाहिलंय. आग थांबावी म्हणून माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसत. नेमकी तेव्हाच किड्याची पिल्लं पाण्यात उतरत. तेच पाणी आम्ही घागरीनं घरी आणायचो. पुढं सरकारनं नारू हटवायची मोहीम काढली. पाणी गाळून प्या, हातपंपाचं प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, असं सांगत माणसं फिरायची. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. तोवर नळ आले, बोअर आले, बारवेची वाट मोडली. मग काय, कचरा नि झुडपं.

अ‍ॅस्कर्निशच्या शेतकऱ्यांना गुरांच्या चराईची काळजी होती, म्हणून ते मैदानाविरुद्ध कोर्टात गेले, हेही तू लिहिलंस. मला त्यांचं पटलं. जुनी जागा सुटते तेव्हा त्यामागं कुणाचं तरी पोट असतं, नाहीतर जीव.

करोनाच्या काळात मात्र वालूरकरांनी मनावर घेतलं. श्रमदान करून गाळ उपसला. त्याच सुमारास रोहन काळे यांची महाराष्ट्र बारव मोहीम गावोगाव पोचत होती. माती निघाली तशा पायऱ्या दिसू लागल्या. सरळ खाली न जाता त्या विहिरीभोवती वळत वळत पाण्यापर्यंत जातात. अशी चक्राकार बारव सहसा बघायला मिळत नाही. पुढं टपाल खात्यानं बारवांची चित्रकार्डं काढली, त्यांत आपली वालूरची आहे. ते पाहून मला रडू आलं. आबांना दाखवायला हवं होतं.

तुझ्या लेकीला नारू ठाऊक नाही, हे तिचं भाग्य. पण पणजोबांचं नाव तरी तिला येतं का? मागच्या फोनवर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलत होती. घरात मराठी बोला रे, तेवढं तरी करा. आणि वडिलांना फोन करत जा. तो बोलून दाखवत नाही, वाट पाहतो.

महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावतात. रजा त्याच सुमारास काढ, लेकीलाही आण. मुंबईहून रात्रीची गाडी सेलूला थांबते, आम्ही स्टेशनवर येऊ. तिला जोंधळ्याची भाकरी चालते का, ते आधी कळव.

तुझी
आत्या