केरिओच्या कड्यावरून

पुण्याजवळच्या कामशेतच्या टेकड्यांवरून कापडी पंखाला लटकून वाऱ्यावर तरंगणारी जी वेडी मंडळी असतात, त्यांतला मी एक. या छंदाचे नाव पॅराग्लायडिंग. १९७८ साली फ्रान्समधल्या मिएसी गावी काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवण्यासाठी डोंगरउतारावरूनच पळत झेप घेतली आणि तिथून हा खेळ जगभर पसरला. आमच्या घरी मात्र एवढे लांबलचक नाव कुणी घेत नाही. ‘ह्यांची ती छत्री’ एवढ्यावर सौ. काम भागवते.

गेल्या जानेवारीत ती छत्री पाठीवर बांधून मी केनियात गेलो. एल्डोरेट शहर सोडले की तासाभरात इटेन गाव लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरचे हे गाव जगाला ठाऊक आहे ते धावपटूंमुळे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावणारा डेव्हिड रुडिशा इथल्याच शाळेचा विद्यार्थी. पहाटे तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून धावणाऱ्यांचे तांडेच्या तांडे जातात. आपल्याला तिथे नुसते चालले तरी धाप लागते!

गावाच्या पूर्वेला जमीन एकाएकी संपते. हा एल्गेयोचा कडा. खाली हजारेक मीटरवर केरिओ नदीचे खोरे पसरलेले. सकाळचे ऊन थेट कड्याच्या तोंडावर पडते, तापलेली हवा कडा धरून वर चढू लागते, समोरून येणारा पूर्वेचा वारा तिला रेटा देतो आणि आमचा बिनइंजिनाचा पंख तिच्यावर घारीसारखा तासन्‌तास तरंगत राहतो.

आम्ही चौघे होतो. खोऱ्यातल्या गावकऱ्यांनाही या आनंदाची चव द्यावी, असा आमचा उदार हेतू होता. उदारपणात थोडा तोराही मिसळलेला असतो, हे मागाहून कळले.

पहिल्या दिवशी मी खाली एका पडीक तुकड्यावर उतरू लागलो, तशी शाळा सुटल्यासारखी पोरे धावत सुटली. ‘म्वावुली! म्वावुली!’ असा एकच गिल्ला. म्वावुली म्हणजे स्वाहिली भाषेत छत्री. मला सौ.ची आठवण झाली. पोरांनी मला घेरले, कापडाला हात लावून पाहिले, दोऱ्या मोजल्या. मी ऐटीत उभा!

इतक्यात गर्दी बाजूला सारीत एक बाई आल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’ म्हणजे आई म्हणतात. मी आपला ‘मामा, मामा’ म्हणून हात जोडू लागलो, पण मामा हसल्या नाहीत. त्यांनी बोटाने मागे दाखवले. पडीक तुकड्याला लागूनच त्यांचे मुगाचे शेत होते, काढणीला आलेले. शंभर-सव्वाशे पावले त्यातून धावत आली होती. मास्तरांनी मामांचे बोलणे मला समजावून दिले :

“एवढ्या उंचावरून तुला सगळे दिसत होते ना? मग माझे शेत कसे दिसले नाही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेत मला दिसले होते. हिरवा चौकोन, छान रंग! त्यात कुणाचे वर्षाचे धान्य आहे, हे दिसले नव्हते.

नुकसानीचे पैसे मामांनी मोजून घेतले. ते योग्यच होते. मग मास्तर, मामा आणि गावातले चार वडील बाभळीच्या सावलीत बसले. उतरायची जागा ठरली ती कोरड्या ओढ्याच्या पलीकडची, वस्तीपासून दूर. पोरांनी दगडांच्या ओळीमागे थांबायचे. मोबदल्यात रोज संध्याकाळी आम्ही पंख जमिनीवरच वाऱ्यात उभा करून पोरांना दोऱ्या धरायला द्यायच्या. त्या ओढीने पोरांचे डोळे असे चमकत की आमचे उडणे फिके वाटे.

शिकवणी एकतर्फी मात्र राहिली नाही. एका सकाळी कड्यावर आम्ही पंख पसरले होते. झाडावर मधमाश्यांसाठी लाकडी ओंडके टांगणारे एक म्हातारे बाबा तिथे होते. (बाबाला तिकडेही बाबाच म्हणतात!) त्यांनी दूरच्या चुलीच्या धुराकडे बोट दाखवून मान हलवली. धूर खोऱ्याकडे कलू लागला होता. म्हणजे वारा आता आमच्या पाठीकडून येणार होता. असा वारा कड्यावरून खाली कोसळताना भोवरे करतो आणि त्यांत पंख मिटू शकतो. आम्ही मुकाट्याने पंख गुंडाळले. अर्ध्या तासात कड्यावरची झाडे खोऱ्याकडे वाकू लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मामा जीपने कड्यावर आल्या. आमच्यातल्या एकाकडे दोघांच्या पंखाचा परवाना होता आणि पंचवीस वर्षांचा सराव. “मला माझे शेत बघायचे आहे,” एवढेच मामा म्हणाल्या. पट्टे तीनदा तपासले. चार पावले पळाल्या आणि जमीन सुटली. मी खाली वाट पाहणाऱ्यांत असतो तर बरे, असे मला वरून वाटत राहिले. छातीत नुसते धडधडत होते.

संध्याकाळी भोपळ्यातले आंबूस मुरसिक दूध पीत मी विचारले, “काय दिसले, मामा?”

“बाजाराची वाट. डोक्यावर ओझे घेऊन ती चढायला मला अर्धा दिवस लागतो. वरून वीतभर दिसली.”

“आणि शेत?”

“शेत लहान आहे,” मामा म्हणाल्या. मग हसल्या. मला त्यांचे हसू पहिल्यांदाच दिसले. “पण ओळखू आले. पोरांनी तुडवलेली वाटही ओळखू आली.”

आता कामशेतला उतरताना मी आधी खाली कुणाचे काय पेरले आहे ते पाहतो. घरी सौ. विचारते, “आज छत्री कुठे उतरली?” मी सांगतो, “पडिकात.” ती का हसते, हे मुलांना अजून कळलेले नाही.