कोरी जागा आणि भरलेला पडदा

आमच्या अब्बांना फजरच्या नमाजनंतर चहा आणि मराठी पेपर लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सवय सुटलेली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेपर येणं बंद झालं आणि घरात फक्त टीव्ही उरला. टीव्हीवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच शब्द होता, मरकज.

शेजारच्या काकूंशी आमचा तीस वर्षांचा घरोबा. ईदला इकडून शीरखुर्मा, दिवाळीला तिकडून फराळ. त्या ईदला अब्बा डबा घेऊन गेले, तर काकू दारातूनच म्हणाल्या, "राग मानू नका भाऊ, पण टीव्हीवर सांगतात ना..."

"काही हरकत नाही, वहिनी," म्हणत अब्बा परत आले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

मला काकूंचा राग आला नाही. त्या बातम्या पाहत होत्या, इतकंच. प्रश्न हा आहे की त्या बातम्या येत कुठून होत्या?

१८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पत्रकारांना सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण दिल्लीतल्या तबलीगी कार्यक्रमाशी संबंधित आहेत. तेव्हा गर्दी झाली होती आणि काळजी घ्यायला हवी होती, हे मान्य. पण एकाच मेळाव्याची मोजणी वेगळी का? त्या लोकांच्या चाचण्या किती झाल्या आणि बाकीच्यांच्या किती? हे विचारणं पत्रकाराचं काम होतं. मोजके अपवाद सोडले तर सरकारने आकडा दिला आणि वाहिन्यांनी त्याला ढोल बांधला.

अब्बा आणीबाणीच्या आठवणी सांगतात. तेव्हा छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवावा लागे. २८ जून १९७५ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा पाहून वाचकाला कळलं की इथलं काहीतरी काढून घेतलं आहे. आज सेन्सॉर अधिकारी बसवावा लागत नाही. सरकारी जाहिराती आहेत, वाहिनीचा परवाना आहे, मालकाचे इतर धंदे आहेत. जागा कोरी राहत नाही, आरडाओरड्याने भरून जाते. म्हणून काय गायब आहे, ते कळतच नाही.

परवान्याचं उदाहरण ताजं आहे. 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीचं प्रक्षेपण २०२२ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन बंद करण्यात आलं. कारणाचा तपशील मात्र बंद लिफाफ्यात. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली आणि सरकारी धोरणावर टीका करणं म्हणजे देशविरोध नव्हे, हे स्पष्ट केलं.

मरकजच्या बाबतीतही न्यायालयच बोललं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असावं, असं निकालात म्हटलं आहे. आमच्याकडच्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर, बोटभर आली.

अब्बांनी ते कात्रण कापलं आणि काकूंकडे नेलं. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग हे टीव्हीवर का नाही सांगितलं?"

पत्रकारितेच्या स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही.

हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवा. आपल्या बाजूचा म्हणून आलेला मेसेज आपण न तपासता पुढे ढकलतोच ना? समाजातल्या चुकांवर लिहिणाऱ्या आपल्याच माणसाला गप्प बसवतोच ना? आणि निर्भीड पत्रकार हवा म्हणतो, पण त्याच्या अंकाची वर्गणी भरतो का?

त्या दिवाळीला फराळाचं ताट आलं. अब्बांनी या वर्षीपासून एका छोट्या साप्ताहिकाची वर्गणी भरली आहे. वाचून झालेला अंक ते काकूंकडे देतात.